ठणठणीत उंदीर

दारू पिणारे उंदीर ठणठणीत होते, आणि सरांना तीच काळजी होती.

सहा महिने त्यांना रोज पाण्यात दारू मिसळून मिळत होती. एव्हाना त्यांची साखर बिघडायला हवी होती, यकृतावर चरबी चढायला हवी होती, नरांचे हार्मोन घसरायला हवे होते. पण साधं पाणी पिणारे पलीकडच्या पिंजऱ्यांतले उंदीर आणि हे, यांच्यात कागदावर काडीचाही फरक नव्हता.

प्रयोग सरांच्या विद्यार्थिनीचा. पिंजरे सांभाळायचा तिचा मोठा भाऊ. ती दादा म्हणायची म्हणून सगळेच दादा म्हणत. पूर्वीचा पक्का बेवडा. बहिणीनेच त्याला उपचारांना नेलं, त्याच्या उलट्या पुसल्या, सरांकडे शब्द टाकून इथे चिकटवलं. दोन वर्षं त्याने थेंब घेतला नव्हता. पुढच्या महिन्यात बायको मुलीला घेऊन परत येणार होती. मुलीसाठी घेतलेली छोटी सायकल त्याने प्रयोगशाळेच्या व्हरांड्यातच ठेवली होती आणि पठ्ठ्या येणाऱ्याजाणाऱ्याला तिची घंटी वाजवून दाखवायचा.

उंदरांची दारू ठेवायच्या कपाटाची किल्ली भावाबहिणीत एकच, दाराशेजारच्या खिळ्यावर. त्या सकाळी सरांनी कपाट उघडलं, शुद्ध अल्कोहोलच्या कॅनमधलं चमचाभर बशीत ओतलं आणि काडी लावली. भडका उडायला हवा होता. काडी विझली. कॅनमध्ये जवळजवळ पाणीच होतं.

त्यांनी दोघांना बोलावलं. बहीण पेपरमिंट चघळत आली. पिंजऱ्यांच्या वासाने मळमळतं म्हणून ती दिवसभर चघळायची. बशी पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दादाने तिच्याकडे एकदाच पाहिलं. "मी प्यायलो, सर."

"पुढच्या महिन्यात घरची माणसं यायची आहेत ना तुमची?"

"यायची होती."

सरांना राग यायला हवा होता. त्यांना वाईटच वाटलं, फार वाईट. त्याला त्याच दिवशी काढावं लागलं. बहीण फरशीवर बसून हमसून हमसून रडत होती. दादा दारात थांबला.

"प्रयोग ती पुन्हा करेल, सर. पण तिला एकटं सोडू नका."

एवढं होऊनही याला बहिणीचीच काळजी, या विचाराने सरांना भरून आलं.

बायको आली नाही. सायकल व्हरांड्यातच राहिली.

नवे उंदीर आले, सीलबंद नवा कॅन आला. या वेळी सरांनी ताकही फुंकून प्यायचं ठरवलं. नव्या कामगाराला कपाटाजवळ फिरकू दिलं नाही. कुलूप बदललं आणि त्याची एकुलती एक किल्ली त्या बिचारीच्या हातात दिली.

दोन महिन्यांनी रक्ताचे आकडे आले. दारूचे उंदीर ठणठणीत होते.

सरांनी तिच्याकडून किल्ली मागून घेतली, चमचाभर बशीत ओतलं आणि काडी लावली.

काडी विझली.