चंद्रोदयाआधी

उपास सोडायचा तो नऊ बाराच्या चंद्रोदयाला. पण नऊ अकरा झाले की पुन्हा सकाळ होते, पुन्हा तीच संकष्टी, आणि लेकीला पुन्हा पहिली कळ येते. आज सतरावी खेप. आठवण राहते ती फक्त मला.

प्रसूतिगृहाच्या बाकावर जावयाला सगळं सांगितलं. तो टीव्हीसाठी काळप्रवासाच्या मालिका लिहितो.

"आई, अशा चक्रातून सुटायचा आमच्याकडे एकच नियम. जन्मात केलं नाही, ते करायचं."

"चाळीस वर्षांत संकष्टी मोडली नाही रे मी."

"झालं तर मग! हा घ्या माझा डबा."

आतून लेक किंचाळली. नऊ दहा झाले होते. "बाप्पा, राग माझ्यावरच काढ," म्हणत मी वरणभाताचा घास तोंडात कोंबला.

नऊ तेराला आत बाळ रडलं. रडू मलाही फुटलं, आणि घास गिळायचा राहूनच गेला.