काळा उजव्या हाताले

"बैलजोडी लावली," खुशालराव म्हणाला, आणि सतरंजीवरची चिल्लर एकदम पोरखेळ वाटू लागली.

शफीकच्या मेहुण्यानं, गुलफामनं, आपले पत्ते मघाशीच टाकले होते. तोंडातली सुपारी चघळायची तो विसरला. "पाटील, मजाक नका करू."

"मजाक कायची? माही जोडी, अन् शफीकची लुना. माह्या पोराले, अंकुरले, अमरावतीत क्लासले जायाले गाडी पाहिजे. शो मागून पत्ते पाहाचे तं लुना लाव."

पोळ्याची कर होती. मिसरूड फुटल्यापासून या दिवशी शफीकच्या दुकानात तीन पत्तीचा डाव बसायचा. अचलपुरात बैलांचा साज विकणारे बरेच, पण घुंगरमाळ घ्यावी तर शफीककडची. एकेक घुंगरू कानाशी वाजवून मगच तो पट्ट्यात ओवायचा. खुशालरावची जोडी पुलावर आली की हा गाढ झोपेतूनही ओळखायचा. "पाटील आला, चहा ठेव," असं डोळे न उघडता सांगायचा. बिल्कीस म्हणायची, बायकोची हाक ऐकू येत नाही, बैल बरे ऐकू येतात!

यंदा सतरंजीवरची चौथी जागा रिकामी होती. जानरावची. कुणी तिकडे सरकून बसलं नव्हतं, आणि कुणी तिकडे पाहतही नव्हतं.

जानराव उन्हाळ्यात गेला. आदल्या दिवशी तो दुकानात आला होता, आपल्या बैलांच्या घुंगरमाळा घेऊन. "ठेव तुह्यापाशी, चांगल्या हायेत," एवढंच म्हणाला. शफीकनं चहा पाजला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि त्याला जाऊ दिलं. सकाळी जानराव स्वतःच्याच विहिरीत सापडला. त्या माळा अजून खुंटीवर होत्या. वारा नसतानाही त्या किणकिणतात असं शफीकला वाटायचं. जन्मभर दुसऱ्याचे पत्ते तोंडावरून ओळखले, आणि नेमकं ते एक तोंड आपल्याला वाचता आलं नाही, हे त्याला आतून खात होतं.

त्यानं हातातले पत्ते पुन्हा उघडले. तीन बेगमा. ट्रेल! तीन पत्तीतला सगळ्यात मोठा हात. उभ्या आयुष्यात त्याला ट्रेल लागली नव्हती. यावेळी पत्ते पिसले होते खुशालरावनं, वाटलेही त्यानंच.

खुशालरावच्या हातात काही नव्हतं. शफीकला त्याची खात्री होती. चांगले पत्ते आले की खुशालराव मुका व्हायचा आणि थाप मारायची असली की त्याची टकळी सुरू व्हायची. आज ती थांबत नव्हती.

"जोडी घ्याची तं समजून घे. काळ्याले उजव्या हाताले बांधा लागते, नाई तं रातभर उभा रायते. पांढऱ्याले कडबा देशीन तं जरासं पाणी शिपडजो. अन् दोघाईले येगळं नाई करायचं, बाप्पा. येगळं केलं तं दोघंई सुकतीन."

"आधी हारा तं खरं, पाटील," गुलफाम हसला.

खुशालराव हसला नाही. "अन् आपला कायदा ठाव हाय ना? पत्त्यात गेलेलं वापस होत नाई. माग शो, शफीक. भेऊन राहिला काय?"

आखाडात तो असंच काहीतरी बोलला होता. म्हणे, नेतो का जोडी, फुकट देतो. शफीकनं ते हसण्यावारी नेलं होतं. फुकटचा बैल आपल्या दारी नको, म्हणाला होता.

आता त्यानं खुशालरावच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डोळे जानरावचे होते. त्या दिवशी चहा पिताना जानराव असाच पाहत होता, समोरच्याच्या आरपार. या माणसाची जोडी जिंकली, तर संध्याकाळी तो रिकाम्या दावणीपाशी जाऊन बसेल. आणि मग? शफीकला पुढचं मनात आणवेना.

एकदा दुधानं तोंड पोळलं होतं. खुंटीवरच्या माळांकडे न पाहता त्यानं तिन्ही बेगमा पालथ्या घालून डाव सोडला.

"पॅक."

"पॅक?" खुशालरावचा आवाज चिरकला. "काहून? तुले तं..." तो मध्येच थांबला. पत्ते उलटायला त्यानं हात पुढे केला, तशी शफीकनं त्यावर आपला हात ठेवला.

"राहू दे. जोडी तुह्याच दावणीले शोभते. लुना उद्या घेऊन जाय तशीच. अंकुरले सांगजो, चाचानं देली."

खुशालरावनं हात मागे घेतला. दया केली हे त्याला कळलं आणि लागलं, असं शफीकला वाटलं. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. जिंकलेली चिल्लरही न उचलता खुशालराव उठला. दारातून वळून म्हणाला, "तू माणूस चांगला हायेस, शफीक. पण पत्ते नाई खेळता येत तुले."

बंडी पुलापलीकडे जाईपर्यंत शफीक घुंगरं ऐकत राहिला. बिल्कीसनं विचारलं, हरून आलात आणि एवढे खुश कशाचे? तो म्हणाला, "आज एक माणूस वाचवला." कितीतरी महिन्यांनी त्याला त्या रात्री गाढ झोप लागली.

पहाटे फजरच्या नमाजाला निघताना त्यानं दार उघडलं.

दारात खुशालरावची जोडी बांधलेली होती. काळा उजवीकडे. पुढ्यात पाणी शिंपडलेला कडबा. आणि उंबऱ्यावर दोघांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, धोतराच्या फडक्यात घट्ट गुंडाळून ठेवलेल्या.