एक्केचाळिसावा चौकोन

पडद्यावर एक्केचाळीस चौकोन होते. चाळिसांत हिरव्या रेषा चढत-उतरत होत्या. एक्केचाळिसावा कोरा होता.

"तेवढा एक भरून टाका," साहेब म्हणाले. "चार वाजता समिती येतेय."

नव्या नेटवर्क इंजिनिअरला रुग्णालयात रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. कोरा चौकोन तिचाच होता. नवजात शिशू विभाग दोन महिन्यांपूर्वी सुरू झाला, आणि पडद्यावर त्याचा ग्राफ तिनेच पहिल्या आठवड्यात जोडला होता. बाकीचे चाळीस मास्तरांचे. मास्तर म्हणजे तिच्या आधीचे इंजिनिअर. आठ वर्षं हे काम त्यांनी एकट्याने सांभाळलं आणि तीन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले. त्यांच्या ग्राफमध्ये एका दिवसाचाही खंड नाही, हे साहेब तिला आतापर्यंत चारदा सांगून चुकले होते.

समितीला एक निर्णय घ्यायचा होता. रुग्णालयाच्या नेटवर्कच्या मुख्य लाईनवर फारसा ताण दिसत नसेल, तर राखीव लाईन काढून टाकायची. ताण किती, हे त्या चौकोनांवरून ठरणार होतं.

दहा वाजता ती सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसली. खोली इतकी गार होती की स्वेटरच्या बाह्या तिने बोटांपर्यंत ओढून घेतल्या. काम तसं सरळ वाटत होतं. लिनक्सवर चालणारं हे ग्राफचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी प्रत्येक विभागातल्या स्विचला, म्हणजे तिथले संगणक जोडणाऱ्या पेटीला, विचारतं, तुझ्यातून किती माहिती गेली. स्विच आकडा सांगतो, आकडा फाईलमध्ये जातो, फाईलवरून रेष निघते. ही साखळी कुठेतरी तुटली असणार.

शिशू विभागाचा स्विच जागा होता. हाक मारली की लगेच ओ देत होता. तिने स्वतः विचारून पाहिलं, तर आकडाही मिळाला. डिस्कवर जागा भरपूर होती. घड्याळ बरोबर होतं. सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, लॉगमध्ये, कसलीही तक्रार नव्हती, आणि याचंच तिला जरा नवल वाटलं. चुकणारा माणूस निदान कुरकुरतो तरी. इथे सगळं चिडीचूप.

अकराच्या सुमारास तिने मास्तरांना फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला. बाबा गच्चीत कुंड्यांना पाणी घालतायत, म्हणाली, आणि फोन वर नेऊन दिला.

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कुठला विभाग, ते विचारलं नाही. फाईलच्या परवानग्या बघ, म्हणाले. स्विचचा परवलीचा शब्द तपास. फाईल पुसून नव्याने बनव. एकेक गोष्ट ते लिहून घेता येईल इतक्या सावकाश सांगत होते. असा माणूस शिकवायला मिळाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"आणि बाकीच्या चाळिसांना हात लावू नकोस," ते शेवटी म्हणाले. "चाललंय ते चालू दे."

तिने सगळं करून पाहिलं. फाईल खरंच चुकीच्या मालकाच्या नावावर होती. तिने मालक बदलला आणि पाच मिनिटं वाट पाहिली. मग आणखी पाच. फाईल होती तशीच रिकामी.

दीड वाजता साहेब दारात डोकावून गेले. मनगटावरचं घड्याळ बघितलं. तिने डबा उघडलाच नव्हता. एव्हाना समितीची भीती मागे पडली होती. कारण काय, एवढंच तिला आता जाणून घ्यायचं होतं.

शेवटी तिने तारेवरच कान ठेवायचं ठरवलं. सर्व्हरमधून बाहेर पडणारा प्रत्येक प्रश्न दिसेल अशी आज्ञा तिने दिली, आणि शिशू विभागाकडे काय जातंय ते बघत बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काहीच गेलं नाही. म्हणजे स्विच उत्तर देत नव्हता असं नाही. त्याला कोणी विचारतच नव्हतं.

का विचारत नाही हे कळायला चांगल्या ग्राफशी तुलना करायला हवी होती. प्रयोगशाळेची रेष या वेळी चांगली चढत होती. तिने प्रयोगशाळेकडे जाणारे प्रश्न बघायला घेतले.

दहा मिनिटांत एकही नाही.

मग औषधालय. मग क्ष-किरण विभाग. मग एकदम चाळीसच्या चाळीस. पडदा काळा राहिला. शेजारच्या पडद्यावर मात्र रेषा शांतपणे पुढे सरकत होत्या.

बाहेर पावलं वाजली. काचेपलीकडे समितीचे तिघं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर येऊन उभे राहिले होते. साहेब कोऱ्या चौकोनाबद्दल हसत काहीतरी सांगत होते, सगळा दोष त्या एकाचाच असल्यासारखं. समितीतल्या उंचशा बाईंनी मान डोलावली आणि हातातल्या फाईलवर पेन टेकवलं.

तिने पुन्हा फोन लावला. या वेळी मास्तरांनी स्वतःच उचलला.

"मास्तर, इथून कोणालाच काही विचारलं जात नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "मग या रेषा येतात कुठून?"

मास्तरांनी उलट विचारलं.

"तुझा तो कोरा विभाग कुठला?"

"नवजात शिशू. दोनच महिने झालेत त्याला."

"मग तो कोराच राहणार, पोरी," मास्तर म्हणाले. "बाकीच्या चाळिसांना आकडे उचलायला मागचं वर्ष होतं."