पुसलेली तीट

"फोनचा कॅमेरा आपोआप कातडी उजळ करतो, ताई. ते बंद करून मगच फोनवरच्या डॉक्टरला बाळ दाखवा," नर्सने बजावलं होतं. उजळ दिसलं तर बिघडलं कुठे, म्हणून शर्वाणीने सोडून दिलं.

आज तापाने फणफणलेल्या तान्ह्या ओवीच्या अंगावर लाल चट्टे उठले होते. शर्वाणीने तिला फोनसमोर धरलं. पडद्यावरचा यंत्र-डॉक्टर गोड हसला. "त्वचा लोण्यासारखी आहे. आयांना काळजीचा छंदच असतो."

"बघ, डॉक्टरच सांगतायत," सासूबाई म्हणाल्या.

शर्वाणीने पडद्यावरच्या ओवीकडे पाहिलं. सकाळी ओवीच्या गालावर लावलेली काजळाची तीटही तिथे नव्हती. एक यंत्र डाग पुसत होतं आणि दुसरं त्याला शाबासकी देत होतं.

"या दिवट्याला तीटसुद्धा दिसत नाही," म्हणत तिने ओवीला उचललं आणि थेट दवाखाना गाठला.

ओळखीचं एखादं तान्हं बाळ तुम्ही फोनवरच पाहत असाल, तर आज त्याच्या घरी जाऊन बघून या.