आठ घरांची तार

"तेव्हा आठ घरांना मिळून फोनची एकच तार असायची," वेंडेल मीन्ट्स सांगत होता. "एका घरी बोलणं सुरू झालं, की बाकी सात घरी हळूच रिसीव्हर उचलायचे. रेडिओ कुठं होता तेव्हा?"

लिनेट हसली. ती वेंडेलच्या भावाची मुलगी. गावाला दीडशे वर्षं झाली म्हणून पुस्तक निघणार होतं, आणि त्यात मीन्ट्स घराण्याला एक पान मिळालं होतं. टेबलावर तिचा रेकॉर्डर चालू होता. मार्लिस कपांत खडीसाखर टाकून वरून चहा ओतत होती. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली होती. नवऱ्याची ही गोष्ट तिला पाठ होती; तो कुठं थांबणार, कुठं घसा खाकरणार, तेसुद्धा.

"एकोणीसशे अठरा साल. इथली पोरं जर्मनांशी लढायला गेलेली, आणि आपली घरं मूळची जर्मन. हुकूम निघाला, की रस्त्यात, चर्चमध्ये, फोनवर फक्त इंग्रजी बोलायचं. आता माझ्या आजीला, गेस्केला, इंग्रजीतलं 'अंडी' आणि 'थँक्यू' एवढंच यायचं. तिचं पहिलं पोर, हार्म, अकरा महिन्यांचं, डांग्या खोकल्यानं गेलं. तिनं बहिणीला फोन लावला. काय बोलली, ते जन्मात कुणाला सांगितलं नाही. पण बोलली जर्मनमध्ये. दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन निघाले, तर चर्चच्या दारात, हुकूम कोण मोडतंय यावर नजर ठेवणाऱ्या कमिटीची चार माणसं देशाचा झेंडा घेऊन उभी. सगळ्यांसमोर तिला गुडघ्यावर बसवलं आणि झेंड्याला ओठ लावायला लावले. चर्चच्या पाळकालाही धड इंग्रजी येत नव्हतं. हार्मला एक शब्द न बोलता पुरलं."

"पण कमिटीला सांगितलं कुणी, काका?"

"डनलॅपनी. दुसरं कोण? त्या तारेवर इंग्रजी बोलणारी घरं दोनच. डनलॅप आणि मिलर. मिलर म्हणजे तुझ्या काकूचं माहेर, ती देवमाणसं. मग उरलं कोण? लिही. नावानिशी छापा."

लिनेट लिहू लागली.

दर वर्षी सणाच्या जेवणात गोष्ट इथवर आली, की मार्लिस काहीतरी आणायला म्हणून स्वयंपाकघरात जायची. आज ती स्वयंपाकघरातच होती. उठून जायला जागा नव्हती. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ साफ झाला होता. सकाळी साडेसहालाच शेजारचा रॉय डनलॅप ट्रॅक्टर घेऊन आला होता, दर हिवाळ्यात येतो तसा. वेंडेलनं काचेआडून दोन बोटं वर केली, झालं. "आत ये रे, गरम काहीतरी घे," असं मार्लिस दर खेपेला म्हणायची. "नको वहिनी, बूट ओले आहेत," असं रॉय दर खेपेला म्हणायचा. डनलॅपांच्या घरचं माणूस या टेबलाशी कधी बसलं नव्हतं.

तिनं किटली खाली ठेवली.

"ते नाव लिहू नकोस, लिनेट."

"का? खरं आहे ते," वेंडेल म्हणाला.

"खरं नाही."

"मग कुणाचं नाव लिहू, काकू?"

मार्लिसचे कान तापले. "डेला मिलर. माझी आजी."

वेंडेल आधी थोडा हसला, मग थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. वृद्धाश्रमात, जायच्या आधी महिनाभर. त्याच दिवशी तुला सांगणार होते मी. घरी आले तर तू गोठ्यात होतास. मग जेवणं झाली. मग..." मग त्रेचाळीस वर्षं झाली होती.

वेंडेल कपातला चहा ढवळत बसला. खडीसाखर केव्हाच विरघळली होती.

"हे बघ," तो सावकाश म्हणाला, "बाई घाबरली असेल. लढाईचे दिवस, परकी भाषा. तिला वाटलं असेल, काहीतरी कट शिजतोय. तिला बिचारीला काय कळणार, बोलणं कशाचं चाललंय ते. हो ना?"

तो तिच्याकडं पाहत होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. गोष्ट तिथंच मिटली असती. पुढच्या वर्षी त्यानं ती तशीच सांगितली असती, आणि तिला जागेवरून उठावं लागलं नसतं.

"आम्ही मिलर नव्हतो रे," ती म्हणाली. "म्युलर. इलिनॉयहून इथं येताना वाटेत नाव बदललं. डेलाचं खरं नाव आडेलहाइट. तुझ्या आजीची भाषा तीच तिची. शब्द न् शब्द कळत होता तिला."

लिनेटचा हात रेकॉर्डरकडं गेला.

"राहू दे चालू," मार्लिस म्हणाली.

वेंडेलनं चमचा खाली ठेवला. बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की लिनेटला पुढं वाकावं लागलं.

"म्हणजे गेस्के काय बोलली, ते तुला ठाऊक आहे."

मार्लिसनं होकारार्थी मान हलवली.

"सांग."

"बहिणीला म्हणाली, 'आन्त्ये, बाळ गेलं. बाप्तिस्म्याचं झबलं तुझ्याकडं राहिलंय. ते घेऊन ये.' एवढंच. मग रडायला लागली."

"आणि डेला?"

"तिला ते रडणं ऐकवेना, म्हणून रिसीव्हर ठेवला." मार्लिस टेबलाकडं पाहत होती. "मग उठून कमिटीकडं जायला घोडा जुंपला."