नांग पासिंगचे निरोप

“निरोप आलाय लुबी वस्तीतून!” रेडिओवर नोनोय काबिगास गरजला. “नांग पासिंग, लुबीच्या मावशी, लिहितात, ‘झुलत्या पुलाची तार अकरा ठिकाणी गंजलीय. पोरं तीच धरून शाळेला जातात. कुणाला लाज आहे की नाही?’ अकरा ठिकाणी, मंडळी! आणि आपले नगर इंजिनीअर एलिसेओ माग्दाडारो काय करत असतील आत्ता? भात आणि सुकी मासळी हाणत असतील!”

खानावळीत हशा पिकला. कारण एलिसेओ खरोखरच भात आणि सुकी मासळी खात होता.

“इंजिनीअर, आणखी एक मासा वाढू?” मालकीण म्हणाली. “पूल नाही तर नाही, पोट तरी भरा.”

“वाढ,” एलिसेओ म्हणाला आणि मान खाली घालून जेवण संपवलं.

बाहेर रिक्षावाल्यांच्या रेडिओवरही नोनोयच. या गावात सकाळी सहा ते आठ कुणाची सुटका नसते.

पुलाची फाइल एलिसेओने पाच वर्षांत सात वेळा वर पाठवली होती. सातही वेळा ती परत आली. कधी नकाशा पुन्हा काढा, कधी पुढच्या वर्षी बघू. तेवढ्यात चौकात गावजत्रेची कमान उभी राहिली, तिच्यावर दिवे लागले आणि दिव्यांखाली नगराध्यक्ष ओबेनितांचा हसरा चेहराही लागला. गेल्या वर्षी दोन फळ्या निसटून लुबीची एक मुलगी नदीत पडली. ती दोन दिवसांनी सापडली, खाडीच्या तोंडाशी. त्यानंतर फाइल आठव्यांदा गेली. ती अजून आलीच नव्हती.

नोनोयला हे सगळं ठाऊक होतं. पण जत्रेच्या जाहिराती त्याच्याच कार्यक्रमात वाजत, त्यामुळे त्याची जीभ नगराध्यक्षांपर्यंत पोचेपर्यंत लुळी पडायची. मग उरला इंजिनीअर. गरिबाची गाय, कुणीही पिळावी.

कचेरीत सहायक विल्मार दारातच थांबला होता.

“साहेब, आईची शपथ, मी नाही.”

“काय तू नाही?”

“तारेवरचा गंज आपण दोघांनीच मोजला होता. बाहेर सगळे म्हणतायत, विल्मारला खुर्ची हवीय, तोच त्या बाईला पढवतो.”

“मला माहीत आहे तू नाहीस,” एलिसेओ म्हणाला. “जा, कामाला लाग.”

दुपारी नगराध्यक्षांचं बोलावणं आलं. टेबलावर आठव्यांदा गेलेली फाइल उघडी होती.

“ही नांग पासिंग कोण बया आहे?” ओबेनितांनी विचारलं.

“लुबीत विचारावं लागेल.”

“सगळा बाजार तिचंच बोलतोय. काल चर्चमध्ये फादरनेही पुलासाठी प्रार्थना केली. निवडणूक तोंडावर आणि फादर पुलावर!”

“मग सही करा, साहेब. दोन महिन्यांत वादळं सुरू होतील.”

“आज सही केली तर लोक काय म्हणतील? रेडिओ ओरडला तेव्हा जाग आली. म्हणजे पाच वर्षं मीच झोपलो होतो.”

एलिसेओने नजर फाइलवर ठेवली. बोलण्यासारखं होतं ते फार खरं होतं.

“दोष माझा नाही असं एकदा दिसलं ना,” ओबेनितांनी फाइल मिटली, “की लगेच सही करतो. तोवर थांबू.”

“मुलं थांबत नाहीत, साहेब. रोज जातात.”

“या आता.”

त्या संध्याकाळी एलिसेओ घरी चालत गेला. माणसाने किती वेळा तोच नकाशा काढावा, त्याच भिंतीवर किती डोकं आपटावं! जेवून तो मागच्या अंगणात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी नोनोयचा आवाज आनंदाने फाटायचा बाकी होता.

“नांग पासिंगनी बॉम्ब टाकलाय, मंडळी! ऐका. ‘आम्हाला आता कळलं. नगराध्यक्ष देवमाणूस. फाइल इंजिनीअरनेच दाबून ठेवली. त्याला हाकला, पूल आपोआप उभा राहील.’”

नऊ वाजेपर्यंत कचेरीसमोर माणसं जमली. कुणी पुठ्ठ्यावर लिहून आणलं होतं, ‘इंजिनीअर नको, पूल हवा.’ ओबेनिता पायऱ्यांवर आले, डोळे पुसले आणि म्हणाले, “माझ्याच घरात साप होता.” टाळ्या पडल्या. दुपारपर्यंत दोन कागदांवर सही झाली. एक पुलाच्या मंजुरीचा, दुसरा एलिसेओच्या बडतर्फीचा. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. खुर्चीवर विल्मार बसला, आणि बसताना रडला.

आठवड्याभरात खडीचे ट्रक एलिसेओच्या दारावरून लुबीकडे जाऊ लागले. त्याची बायको फेली दर ट्रकला बोटं मोडायची.

“त्या पासिंगच्या तोंडात किडे पडोत! बावीस वर्षांची नोकरी गिळली रांडेने.”

“नको गं असं म्हणूस.”

“का नको? तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. एकदा तरी रेडिओवर जाऊन सांगायचंत, फाइल कुणी अडवली ते!”

“मग सही झाली असती का?”

फेलीने पुढच्या ट्रकलाही बोटं मोडली. आत रेडिओवर नोनोय आर्जवं करत होता. “नांग पासिंग, रविवारी पायाभरणी. नगराध्यक्ष स्वतः तुमचा सत्कार करणार आहेत. लुबीत घरोघर विचारलं, कुणाला तुमचा पत्ता माहीत नाही. कुठे आहात? निरोप पाठवा!”

एलिसेओ उठून मागच्या अंगणात गेला. खिशातून एक जुना, छोटा फोन काढून त्याने सावकाश लिहिलं, ‘सत्कार नको. खांब वीस फूट खाली गेले पाहिजेत, मी बघतेय. – नांग पासिंग, लुबी.’