एका बाहीचं अंतर

जावयाने फोनवर नऊ हजार किलोमीटर सांगितलं, पण आजीला कळली ती वेळ. बारा तास म्हणजे नातीचा अख्खा स्वेटर. बाळाला तो घालूनच पहिल्यांदा उचलीन, असं तिने लेकीला बजावलं होतं. विमान उडताच लाकडी सुया लागल्या नाचायला. पाठ झाली, पोट झालं, एक बाही झाली, तोच कप्तानाने सांगितलं, “वारा पाठीशी आहे, तासभर आधी उतरू.” सगळे खूश, आजी पुटपुटली, “मेल्या वाऱ्याला घाई कसली?” विमानतळाबाहेर नातीच्या अंगात स्वेटर चढला, एक हात उबेत, दुसरा उघडा. जावई हसला, “जाताना वारा समोरून असतो, वेळ जास्त लागतो. तेव्हा विणा.” “बाही झाल्याशिवाय आई जायची नाही,” म्हणत लेकीने लोकरीचा गुंडा स्वतःच्या पर्समध्ये कोंबला. आजीने नातीला उचललं आणि पिशवीतल्या दुसऱ्या गुंड्यावर गुपचूप शाल पांघरली.